जबड्याला विसावा

कान दुखतो म्हणून माणूस कानाच्या डॉक्टरांकडे जातो. ते आत दिवा टाकून बघतात. पडदा स्वच्छ, मळ नाही, पू नाही. मग वरची दाढ दुखते आहे असं वाटायला लागतं. दंतवैद्य एक्स-रे काढतात, दाढेवर ठोकून बघतात, कीड सापडत नाही. दुखणं थांबत नाही म्हणून कधी कधी त्या निर्दोष दाढेचं रूट कॅनाल होतं, आणि महिन्याभराने शेजारची दाढ ठणकू लागते. कानशिलं दुखतात तेव्हा चष्म्याचा नंबर तपासला जातो. हा सगळा फेरा चालू असताना दुखण्याचं मूळ पुष्कळदा गालावर, कानाच्या पाळीपासून दोन बोटं पुढे असतं आणि तिथे कुणी हातच लावलेला नसतो.

दात एकदा घट्ट आवळा आणि त्या जागी बोटं ठेवा. बोटांखाली जो टणक उंचवटा येतो तो मॅसेटर, चावण्याचा मुख्य स्नायू. गालफडाच्या हाडापासून निघून तो जबड्याच्या खालच्या कोपऱ्यापर्यंत येतो. बोटं आता कानशिलावर न्या आणि पुन्हा आवळा. तिथे पंख्यासारखा पसरलेला टेम्पोरॅलिस हलताना जाणवेल. आणखी दोन स्नायू, आतला आणि बाहेरचा टेरिगॉइड, जबड्याच्या आतल्या अंगाला आहेत आणि बाहेरून सहज हाती लागत नाहीत. चार उजवीकडे, चार डावीकडे. चावणं, जांभई देणं, बोलणं, गिळताना जबडा स्थिर धरणं ही कामं ते करतात, आणि त्यांची वेदना मेंदूकडे नेण्याचं काम ट्रायजेमिनल या एकाच चेतेकडे आहे. दात, हिरड्या, कपाळ आणि कानाचा काही भाग यांच्या संवेदनाही याच चेतेच्या वाटेने जातात. त्यामुळे मेंदूला वेदना कळते, पण तिचा पत्ता चुकतो. मॅसेटर दुखावला तर दाढ किंवा कान दुखल्यासारखा वाटतो, टेम्पोरॅलिस दुखावला तर वरचे दात आणि कपाळ.

ही दूरची वेदना नीट नकाशावर मांडण्याचं श्रेय जॅनेट ट्रॅव्हेल या अमेरिकन डॉक्टरीणबाईंना जातं. अध्यक्ष केनेडी यांच्या पाठदुखीवर त्यांनीच उपचार केले आणि पुढे त्या व्हाइट हाउसच्या वैद्य झाल्या. स्नायूतली दाबली की दुखणारी जागा शोधायची, त्वचेवर गार फवारा मारायचा आणि तो स्नायू हळूहळू ताणायचा, ही त्यांची पद्धत. मानेच्या आणि चेहऱ्याच्या स्नायूंतून जबड्याच्या सांध्यात वेदना कशी उतरते, यावर त्यांनी १९६० साली लिहिलं. त्यांच्या काही कल्पनांना पुढच्या संशोधनाने मुरड घातली आहे, पण रुग्णाच्या स्नायूवर बोट ठेवून बघा हा त्यांचा आग्रह आजही तितकाच खरा आहे. चेहऱ्याचं दुखणं घेऊन आलेल्या माणसाचे मॅसेटर आणि टेम्पोरॅलिस दाबून बघायला दोन मिनिटं लागतात. ती दोन मिनिटं न दिल्यामुळे किती चांगले दात गेले असतील, या विचाराने मन खट्टू होतं.

जबड्याचे स्नायू दुखावतात ते बहुतेक वेळा चावून नाही. भाजलेलं कणीस, ऊस, चिक्की खाऊन गाल दुखले तर एक-दोन दिवसांत थांबतात. खरा त्रास न चावता आवळून धरलेल्या दातांचा असतो. निवांत असताना माणसाचे ओठ मिटलेले असतात, पण वरच्या आणि खालच्या दातांमध्ये दोन ते चार मिलिमीटरची फट असते. दिवसभरात खाणं आणि गिळणं धरून दात एकमेकांना टेकतात ते ढोबळमानाने पंधरा-वीस मिनिटंच, असा अंदाज आहे. पण संगणकापुढे बसलेला, दुचाकीवरून खड्डे चुकवत निघालेला किंवा परीक्षेचा पेपर सोडवणारा माणूस तासन् तास दात टेकवून असतो. जोर फारसा नसतो, म्हणून त्याला ते कळतही नाही. भरलेली बादली उचलून पुढे ठेवणं कुणालाही जमतं, तीच हातात धरून उभं राहा म्हटलं की खांदा थोड्याच वेळात भरून येतो. जबड्याचं तसंच होतं. अ‍ॅलन ग्लॅरॉस या अमेरिकन संशोधकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी निरोगी माणसांना यंत्राच्या मदतीने रोज थोडा वेळ हे स्नायू हलकेच आवळून ठेवायला लावलं. काही दिवसांतच त्यांतल्या काहींना खऱ्या रुग्णांसारखीच जबडादुखी सुरू झाली.

आता हे इतकं साधं असेल तर चावा जुळवायला लोकांचे दात घासून कमी का केले जातात, चाव्याची उंची बदलायला का सांगतात? त्याला नव्वद वर्षांचा इतिहास आहे. १९३४ साली अमेरिकेतल्या सेंट लुइस शहरातले कान-नाक-घशाचे डॉक्टर जेम्स कॉस्टेन यांनी अकरा रुग्णांवरून एक निबंध लिहिला. दाढा पडल्या की जबडा जास्त मिटतो, सांध्यामागच्या चेतांवर दाब येतो आणि म्हणून कान, डोकं दुखतं, असं त्यांचं म्हणणं. शरीररचनेच्या अभ्यासकांनी पुढे दाखवून दिलं की असा दाब येण्याची सोयच तिथे नाही. तरी दातांच्या चाव्यात खोट आहे ही कल्पना दंतवैद्यकात घट्ट रुजली. १९६९ मध्ये शिकागोच्या डॅनियल लास्किन यांनी वेगळी मांडणी केली, की दुखणं मुख्यतः स्नायूंचं आहे आणि ताणाखाली दात आवळण्याच्या सवयीतून येतं. त्यांच्या गटाने १९७६ मध्ये केलेला प्रयोग मला फार मोलाचा वाटतो. त्यांनी पंचवीस रुग्णांचे दात घासून चावा जुळवल्याचं नुसतं नाटक केलं, प्रत्यक्षात काहीच घासलं नाही. पंचविसांपैकी सोळा जणांचं दुखणं पूर्ण किंवा जवळजवळ पूर्ण थांबलं.

यातून दुखणं मनाचं आहे असा अर्थ काढणं चुकीचं ठरेल. कुणीतरी नीट ऐकून घेतलं, धीर दिला, लक्ष जबड्याकडे वळवलं, की आवळलेला स्नायू सुटायला लागतो, आणि तो सुटला की वेदना खरोखर उतरते. म्हणून जी गोष्ट परत फिरवता येत नाही ती आधी करू नये. दाताचं घासलेलं आवरण पुन्हा उगवत नाही. अमेरिकेत १९८०च्या दशकात टेफ्लॉनसारख्या पदार्थाच्या कृत्रिम चकत्या हजारो लोकांच्या जबड्याच्या सांध्यात बसवल्या गेल्या. त्यांचा चुरा होऊन आसपासचं हाड झिजत गेलं आणि १९९०-९१च्या सुमारास त्या बाजारातून काढून घ्याव्या लागल्या. त्यातले कित्येक रुग्ण आयुष्यभर वेदनेत राहिले.

तीन महिन्यांपेक्षा जुन्या जबडादुखीसाठी २०२३च्या डिसेंबरात ‘बीएमजे’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकाने आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांची शिफारस छापली. ती वाचताना समाधान वाटलं. ठाम शिफारस कशाची? दुखण्याकडे बघण्याची आणि सवयी बदलण्याची शिकवण, तज्ज्ञाच्या हाताने जबड्याची हालचाल, दुखऱ्या जागांचं मर्दन, बसण्या-उभं राहण्याची ढब सुधारणारे व्यायाम, देखरेखीखाली जबड्याचे व्यायाम व ताण, आणि घरी करायचे व्यायाम व धीर. बोटॉक्सची इंजेक्शनं, सांध्यात सोडलेली औषधं, एवढंच काय, सर्रास दिली जाणारी दातांवरची प्लॅस्टिकची पट्टी, यांच्या बाजूने तज्ज्ञांचा कौल पडला नाही. दातांची रचना कायमची बदलणाऱ्या पट्टीला आणि सांध्यातली चकती काढण्याच्या शस्त्रक्रियेला तर स्पष्ट नकार आहे. म्हणजे जे स्वस्त आहे, सावकाश चालतं आणि कंटाळवाणं आहे, तेच वरच्या पायरीवर आलं.

ते करायचं कसं, हे सविस्तर सांगायला हवं, कारण ‘तोंडाचे व्यायाम करा’ एवढं ऐकून लोक घरी जातात आणि जोर लावून आ करत बसतात.

पहिलं काम ताणाचं नाही, विसाव्याचं आहे. ‘न’ हा उच्चार करताना जीभ वरच्या दातांच्या जरा मागे टाळूला लागते. ती तिथेच अलगद राहू द्या, ओठ मिटा, दात सुटे ठेवा आणि नाकाने श्वास घ्या. ही जबड्याची घरची जागा. दिवसातून शंभरदा तो तिथून निसटेल, प्रत्येक वेळी परत आणायचा. त्यासाठी आठवण लागते. टोकियोतल्या दंतवैद्यांनी दात टेकवून ठेवण्याच्या सवयीला स्वतंत्र नाव दिलं आहे आणि रुग्णांना खुणेच्या चिठ्ठ्या नजरेसमोर चिकटवायला सांगतात. फोनच्या मागे, संगणकाच्या कडेला, स्वयंपाकाच्या ओट्यासमोरच्या टाइलवर एकेक टिकली लावली तरी चालेल. ती दिसली की खांदे सैल सोडायचे, एक लांब श्वास सोडायचा आणि दात सुटे आहेत ना ते बघायचं. बस, इतकंच.

त्याच्या जोडीला काही आठवडे जबड्यावरचं ओझं उतरवायचं. च्युइंगम बंद, सुपारी बंद, नखं आणि पेनाची टोपणं चावणं बंद. सफरचंद, पेरू फोडी करून खायचे. कडक भाकरी दुधात किंवा आमटीत कुस्करून. मऊ भात, खिचडी, उकडलेल्या भाज्या चालतील, पण सगळं पातळच प्यायचं असंही करू नये, कारण स्नायूला हलकं काम मिळायला हवं. जांभई आली की हनुवटीखाली मूठ धरायची, म्हणजे तोंड झटक्यात फार उघडत नाही. हनुवटीला तळहात टेकवून वाचत बसायचं नाही.

मग शेक. गरम पाण्यात बुडवून पिळलेला नॅपकिन दोन्ही गालांवर आणि कानशिलांवर पंधरा-वीस मिनिटं. कोरड्या शेकापेक्षा ओला शेक अनेकांना जास्त मानवतो. त्यानंतर मर्दन. तीन बोटांची टोकं मॅसेटरवर ठेवून सावकाश गोल फिरवायची, दुखरी जागा सापडली की तिथे सोसेल इतका दाब काही सेकंद धरून ठेवायचा आणि सोडायचा. दात या वेळी सुटेच असले पाहिजेत, नाहीतर बोटं ज्याला सैल करतात त्यालाच आपण आवळत असतो. कानशिलांवरही तसंच. अंगठा गालाच्या आत आणि बोटं बाहेर ठेवून मॅसेटर चिमटीत धरता येतो. पण हे एकदा फिजिओथेरपिस्टकडून शिकून घेतलेलं बरं.

आता हालचाल. आरशासमोर बसा. जीभ टाळूला लावलेली ठेवूनच तोंड हळू उघडा आणि मिटा. जीभ वर असल्यामुळे तोंड फार उघडणार नाही, आणि तेच हवं आहे. जबड्याचा सांधा दोन टप्प्यांत चालतो. पहिले वीस-पंचवीस मिलिमीटर तो दाराच्या बिजागरीसारखा जागच्या जागी फिरतो, त्यापुढे हाडाचा गोळा पुढे सरकतो. जीभ वर ठेवून उघडलं की फक्त फिरणं होतं, सरकण्याचा ताण येत नाही. आरशात बघायचं ते यासाठी की हनुवटी सरळ रेषेत खाली जाते आहे की एका बाजूला झुकते आहे ते दिसावं. झुकत असेल तर वेग कमी करायचा. पाच-सहा वेळा, दिवसातून पाच-सहा वेळा.

हे चारदोन दिवस बिनतक्रार जमलं की खरा ताण सुरू करायचा. तोंड सुखाने उघडेल तितकं उघडा. अंगठ्याचं टोक वरच्या पुढच्या दातांच्या कडेवर आणि तर्जनीचं टोक खालच्या दातांवर, कात्रीसारखं एकमेकांना छेदून. बोटांनी अगदी हलका आधार देत किंचित आणखी उघडायचं, ताण जाणवेल पण कळ येणार नाही इतकंच. दहा सेकंदांपासून सुरुवात करून हळूहळू तीस सेकंदांपर्यंत जायचं, आणि श्वास चालू ठेवायचा. श्वास रोखला म्हणजे जोर जास्त झाला. तीन-चार वेळा पुरे. नंतर गालात जडपणा आला आणि अर्ध्या तासात गेला तर ठीक. दुसऱ्या दिवशी सकाळी जास्त दुखलं तर मात्रा निम्मी करायची. बंद करायची नाही. बाजूच्या हालचालीसाठी पुढच्या दातांत पातळ काठी हलकीच धरून जबडा एकेका बाजूला सरकवायचा. निरोगी जबडा प्रत्येक बाजूला साधारण आठ-दहा मिलिमीटर जातो.

मानेला विसरता येत नाही. डोकं पुढे काढून फोन बघणाऱ्याची मान आणि जबडा दोन्ही अवघडतात. हनुवटी आत घेऊन मान मागे सरळ करण्याचा व्यायाम म्हणूनच या यादीत असतो. चिलीतले फिजिओथेरपिस्ट मारियानो रोकाबादो यांचा जगभर शिकवला जाणारा क्रम, सहा व्यायाम, सहा वेळा, दिवसातून सहादा, यात जबड्याबरोबर मान आणि खांदेही येतात. त्यातही एक मोलाची नोंद आहे. अमेरिकेत मिनेसोटात २००७ मध्ये झालेल्या चाचणीत काही रुग्णांना फक्त घरगुती काळजी सांगितली, काहींना त्याशिवाय हे सहा व्यायामही दिले. दोन्ही गट बरे झाले, आणि व्यायामांमुळे ठळक फरक पडला नाही. मला यातून कळतं ते असं की पाया विसाव्याचा आहे. तो घातला नाही तर वरचे व्यायाम कितीही केले तरी टिकणार नाहीत.

ताणाने गाठ फुटते, आखडलेला स्नायू लांब होतो, असं पुष्कळदा सांगितलं जातं. खरी गोष्ट जरा वेगळी असावी. दुखऱ्या स्नायूत सतत पेटका भरलेला असतो ही जुनी समजूत विद्युतमापनात टिकली नाही. कॅनडातले जेम्स लुंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये दाखवलं की वेदनेमुळे स्नायू उलट कमी जोर लावतो आणि हालचाल मंद होते, जणू शरीर त्या भागाला जपत असतं. हे जपणं लांबलं की हालचालीचीच भीती बसते. हळू, न दुखवता, रोज केलेला ताण मेंदूला पुन्हा खात्री देतो की इथपर्यंत उघडणं सुरक्षित आहे. म्हणून जोर लावणाऱ्याला फळ मिळत नाही आणि सातत्य ठेवणाऱ्याला मिळतं.

रात्रीचं काय? झोपेत दात खाणं आपल्या हाती नाही. लहान मुलं दात खातात तेव्हा घरोघरी जंतांचं औषध दिलं जातं, पण त्या दोन गोष्टींचं नातं भक्कमपणे सिद्ध झालेलं नाही आणि बहुतेक मुलांची सवय वाढत्या वयात सुटते. मोठ्यांमध्ये नैराश्यावरच्या काही गोळ्यांनी, मद्याने, झोपेतल्या श्वासाच्या अडथळ्याने ती वाढू शकते. गोळी चालू असेल तर स्वतःहून बंद न करता ती देणाऱ्या डॉक्टरांना सांगावं. रात्रीची पट्टी दात झिजण्यापासून वाचवते, त्यासाठी ती जरूर घालावी. दुखणं तिनेच जाईल अशी आशा मात्र धरू नये. जबडा उघडताना नुसता ‘कट्’ आवाज होतो, दुखत नाही आणि अडकत नाही, तर त्याला उपचाराची गरज नसते.

काही वेळा मात्र ताण द्यायला बसण्याआधी डॉक्टर गाठायला हवा. जबडा अचानक अडकून उघडतच नाही, किंवा उघडा राहून मिटत नाही. सूज आणि ताप आहे, अक्कलदाढेमागे पू झाला आहे. चालताना किंवा जिना चढताना जबडा भरून येतो आणि थांबलं की उतरतो, तर हृदय तपासून घ्यावं. पन्नाशीनंतर नव्याने कानशील दुखू लागलं, चावताना जबडा थकतो, नजर अंधूक होते, तर त्याच दिवशी दवाखान्यात जावं. कानशिलाची रक्तवाहिनी सुजण्याचा तो आजार असू शकतो आणि त्यात दृष्टी जाऊ शकते. जखम झाल्यावर काही दिवसांत दातखीळ बसू लागली तर धनुर्वाताची शंका आधी घ्यावी.

दाढ काढल्यावर किंवा सुन्न करण्याच्या इंजेक्शनानंतर तोंड आठवडाभर कमी उघडणं वेगळं. आतल्या टेरिगॉइडला सुई लागलेली असते, आणि शेक व हलक्या व्यायामाने ते सुटतं.

आणि आपल्याकडे तर एक आजार असा आहे, जो पुष्कळांना आधी जबडा आखडल्यासारखाच वाटतो. बोटं उभी धरून तोंडात घालून बघा. स्वतःची तीन बोटं सहसा जातात, म्हणजे चाळीस मिलिमीटर किंवा अधिक. दोनच जात असतील, तिखट अजिबात सोसत नसेल, गालाच्या आतली कातडी फिकट आणि दोरीसारखी ताठ लागत असेल आणि खिशात सुपारी, मावा किंवा गुटख्याची पुडी असेल, तर दोष स्नायूचा नाही. सुपारीतल्या अर्कामुळे अस्तराखाली तंतू साचत जातात. १९५२ मध्ये केनियात राहणाऱ्या भारतीय स्त्रियांमध्ये हा आजार नोंदला गेला आणि पुढच्याच वर्षी मुंबईचे डॉ. जोशी यांनी इथले रुग्ण मांडले. महाराष्ट्राने २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली, पण नुसती सुपारीही हे करायला पुरेशी आहे.

इथेही ताण देतात, पण वेगळ्या हेतूने. आइस्क्रीमच्या लाकडी काड्यांची चळत दातांमध्ये बसेल तेवढी ठेवायची, काही मिनिटं धरायची, आणि आठवड्यागणिक एखादी काडी सरकवून वाढवायची. दंत महाविद्यालयांच्या बाह्यरुग्ण विभागात हे रोज शिकवलं जातं. साचलेले तंतू काड्यांनी विरघळत नाहीत, पण उरलेलं उघडणं टिकतं, औषधांना आणि शस्त्रक्रियेला साथ मिळते, आणि ताण सोडला तर शस्त्रक्रियेनंतरही तोंड पुन्हा मिटत जातं. सुपारी पूर्ण थांबवल्याशिवाय या काड्यांचा उपयोग नाही. हा आजार पुढे कर्करोगाकडे जाऊ शकतो, म्हणून तोंड किती उघडतं हे मोजण्याबरोबरच गालाच्या आतलं अस्तर डॉक्टरांकडून ठरावीक काळाने तपासून घ्यावं लागतं, तोंड पुन्हा उघडायला लागलं असलं तरीही.